फळ कुणाचं आणि वारा कुणी अडवला?



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या 47व्या श्लोकावर आहे. हा श्लोक नव्याने सांगायची गरज नाही. तुझा अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही. आणि फळ आपल्या हातात नाही म्हणून कर्म सोडून बसू नकोस, असा त्याचा भावार्थ. निवृत्तीच्या समारंभात, नापास झालेल्या पोराच्या पाठीवर हात ठेवताना, सगळीकडे तो कामाला येतो. मीही आयुष्यभर वापरला. एकदा मात्र तो मी चुकीच्या माणसाला ऐकवला. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस टाळत होतो, आज लिहितो.

इथे नवीन आलेल्यांसाठी सांगतो, तरुणपणी मी सायकलच्या शर्यती मारायचो. आमच्या काळी सातारा-सांगलीकडे सायकल चालवून पोट भरायची सोय नव्हती. जत्रेतल्या शर्यती, जिल्ह्याच्या शर्यती, आणि सगळ्यांचं स्वप्न म्हणजे मुंबई-पुणे. बोरघाट पहिला चढून जाईल तो ‘घाटाचा राजा’. तो मान मला कधी मिळाला नाही, पण त्या आशेवर आम्ही पहाटे चारला उठून यवतेश्वरचा घाट, वाईहून पाचगणीला जाणारा पसरणीचा घाट चढायचो. मडगार्ड, कॅरियर, घंटी, सगळं काढून ठेवायचं आणि सायकल जमेल तेवढी हलकी करायची.

माझ्याबरोबर असायचा बापू. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, नदीकाठच्या एका गावचा. साधारण 45 वर्षांपूर्वी आम्ही दोघं कराडहून सांगलीपर्यंतच्या एका शर्यतीत उतरलो. कराड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा, तुंग, दिग्रज, आणि आयर्विन पुलावरून सांगलीत. रस्ता बराचसा सपाट. अशा रस्त्यावर खरा शत्रू म्हणजे समोरचा वारा.

ज्यांनी शर्यत मारलेली नाही त्यांना हे सांगावं लागेल. वेगात असताना सायकलवाल्याची निम्म्याहून जास्त ताकद वारा कापण्यातच जाते. पुढच्याच्या चाकामागे अगदी चिकटून राहिलं तर वारा तो खातो आणि मागच्याचा दम वाचतो. म्हणून दोघांनी आळीपाळीने पुढे राहायचं असतं. आमचंही तसंच ठरलं होतं. पण इस्लामपूर सोडलं तेव्हा माझ्या पायात गोळे आले. बापूने मागे वळून पाहिलं आणि एवढंच म्हणाला, “चाक सोडू नगंस.” तिथून आयर्विन पुलापर्यंत तो एकदाही मागे आला नाही. सगळा वारा त्याने एकट्याने खाल्ला. पुलावर माझे पाय मोकळे झाले होते, त्याचे संपले होते. मी बाजूने निघालो आणि पहिला आलो.

गुलाल माझ्यावर पडला. पुढे त्या प्रमाणपत्राच्या जोरावर खेळाडू म्हणून मला सरकारी नोकरी लागली. बापू पुढच्या एका शर्यतीत उतारावर पडला, गुडघा गेला. त्याने गावात सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं.

शर्यतीनंतरच्या आयुष्याबद्दल लोक विचारतात. नोकरीतून निवृत्त होताना शाल-नारळ मिळतो, चार माणसं बोलतात. शर्यतीतून निवृत्त होताना असं काही होत नाही. एक दिवस चाक पंक्चर होतं आणि ते काढायची घाई वाटत नाही, एवढंच. मला चाळिशीपर्यंत पहाटे चारला आपोआप जाग यायची. उठून बसायचो, जायचं कुठे ते कळायचं नाही. टाळ्यांची सवय फार वाईट. त्या दिवसांत मला गीतेने सावरलं, हे मी प्रामाणिकपणे सांगतो. फळाची गाठ सुटली तेव्हाच मला झोप लागायला लागली. त्यामुळे या श्लोकावर माझा जीव आहे.

2019 च्या ऑगस्टमधला महापूर आठवतोय ना? कृष्णेचं पाणी बापूच्या घरात छतापर्यंत गेलं. दुकानातला कॉम्प्रेसर गेला, आणि ट्रंकेत ठेवलेली त्याची सगळी प्रमाणपत्रं, कात्रणं लगदा होऊन गेली. काही महिन्यांनी तो माझ्याकडे आला. जुन्या खेळाडूंच्या मदतीसाठी कुठेतरी अर्ज करायचा होता आणि पुरावा उरला नव्हता. म्हणाला, “तू माझ्याबरोबर होतास, एवढं लिहून दे. आन् एकदा संगं चल.”

मला कंटाळा आला होता. कचेरीच्या पायऱ्या नको वाटत होत्या. आणि खरं सांगायचं तर, त्या शर्यतीची गोष्ट कागदावर यावी असं मला वाटत नव्हतं. मी म्हणालो, “बापू, आता या वयात कशाला? आपण कर्म करावं, फळाची आशा धरू नये.”

तो हसला. उठता उठता म्हणाला, “फळ तू खाल्लंस, आन् उपास मला सांगतोस व्हय रं?”

चहाही न घेता गेला.

मंडळी, ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आधी राग आला. मग मी मनाशी वाद घालत बसलो की शास्त्र तर माझ्याच बाजूने आहे. पण पुढे एकदा कराडला एका लग्नाला गेलो होतो, वाटेत गोळेश्वरला थांबलो. खाशाबा जाधवांचं गाव. 1948 साली लंडनला ते सहावे आले आणि 1952 साली हेलसिंकीत कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं मिळायला 1996 साल उजाडलं, लिअँडर पेसचं. मध्ये 44 वर्षं गेली.

त्या हेलसिंकीच्या प्रवासामागची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. जायला पैसे नव्हते. गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. पदक घेऊन आल्यावर कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी काय केलं? कुस्त्यांचे फड लावले, त्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवून दिलं. आपल्यासाठी वारा कुणी खाल्ला ते त्या माणसाने लक्षात ठेवलं होतं.

आणि त्यांच्या वाट्याला काय आलं? 1955 साली पोलिसात फौजदार म्हणून लागले, सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावं लागलं. 14 ऑगस्ट 1984 ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर.

तिथून पुढे त्याच रस्त्यावर पेठ लागतं. मुरलीकांत पेटकर तिथले. 1965 च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेला हा जवान 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक जिंकला. पद्मश्री मिळाली 2018 साली. हिशोब करा, 46 वर्षं.

आता या माणसांना जाऊन कुणी सांगायचं का, की फळाची आशा धरू नका? त्यांनी स्वतःशी म्हटलं तर ती साधना. आपण त्यांना म्हटलं तर ती पळवाट. श्लोक तोच, पण ज्याच्याकडे देणं आहे त्याने तो घेणेकऱ्याला ऐकवला की त्याची कर्जबुडवी होते.

घरी येऊन गीता पुन्हा उघडली. 47वा श्लोक तोंडपाठ होता, पण पुढे वाचत गेलो. तिसऱ्या अध्यायातला 12वा श्लोक मी शंभरदा वाचला असेन. मिळालेलं परत न देता जो एकटा भोगतो त्याला भगवंतांनी तिथे सरळ चोर म्हटलं आहे. आणि 16व्या श्लोकात चक्राची गोष्ट आहे. फिरतं ठेवलेलं हे चाक जो पुढे चालवत नाही, त्याचं जगणं फुकट. मी सायकलवाला, चाकाचा श्लोक माझ्या डोळ्यांपुढून इतक्या वेळा गेला आणि मला दिसला नाही!

म्हणजे गीता दोघांशी वेगवेगळं बोलते. करणाऱ्याला सांगते, फळात अडकू नकोस. घेणाऱ्याला सांगते, देणं विसरू नकोस. मी घेणारा होतो आणि करणाऱ्याचा श्लोक पाठ करून बसलो होतो. बापूने 40 वर्षांत त्या शर्यतीचा शब्द काढला नव्हता. निष्काम कर्म जगला तो, प्रवचन केलं मी.

गेल्या महिन्यात बापूकडे गेलो. कागद लिहून नेला होता. त्यात स्पष्ट लिहिलं, की इस्लामपूरपासून आयर्विन पुलापर्यंत हा माणूस पुढे होता आणि त्याच्यामुळे मी जिंकलो. त्याला वाचून दाखवला. तो काही बोलला नाही. मी सोमवारी कचेरीत बरोबर येतो म्हणालो, त्यावर नुसती मान हलवली. मग माझ्या सायकलकडे बघून म्हणाला, “चेन ढिली झालीया तुझी. बस जरा.” आणि पाना घेऊन खाली बसला, तो दुखरा गुडघा लांब करून.

अर्जाचं काय होईल माहीत नाही. आम्ही दोनदा जाऊन आलोय, परत बोलावलंय. परत जाऊ.

आजचा संकल्प: कुणाला निष्काम कर्माचा उपदेश करायच्या आधी एकदा मागे वळून बघायचं, आपण कुणाच्या चाकामागे होतो. तो माणूस हयात असेल तर आजच फोन करा.

राम कृष्ण हरी.