आजारी मुलाचं भावंड

पहाडगंजात आरामबागेला बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नूतन मराठी शाळा आहे. म्हणून दिल्लीतल्या मराठी माणसाला हा भाग घरचा वाटतो. १९४७च्या फाळणीनंतर पंजाबातून आलेली कुटुंबं इथे स्थिरावली. त्यांच्या शेजारात राहिलं की ‘थॅलेसेमिया’ हा रक्ताचा आनुवंशिक आजार कधी ना कधी कानावर येतोच, कारण पंजाबी आणि सिंधी समाजांत त्याचे वाहक तुलनेनं जास्त. मराठी घरंही त्यातून सुटलेली नाहीत. पंचकुइयां रोड ओलांडला की लेडी हार्डिंग रुग्णालय, आणि त्याला लागूनच १९५६ साली सुरू झालेलं कलावती सरन बालरुग्णालय. तिथं थॅलेसेमियाची मुलं दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवून घ्यायला येतात.

रक्त मिळालं की मूल जगतं, पण त्या रक्तातलं लोह शरीरात साठतं आणि हृदय, यकृत पोखरतं. ते काढायला पूर्वी एकच उपाय होता: पोटाच्या कातडीखाली सुई खोचून लहानसा पंप लावायचा आणि आठ-दहा तास औषध थेंबथेंब जाऊ द्यायचं. आठवड्यातल्या पाच-सहा रात्री. झोपेत मूल कुशीवर वळलं की आईला जाग यायची. १९९५मध्ये मुंबईच्या सिप्लानं डेफेरिप्रोनच्या गोळ्या बाजारात आणल्या, नंतर डेफेरासिरॉक्स आलं, आणि पुष्कळ घरांतल्या रात्री मोकळ्या झाल्या. आज नियमित उपचार घेणारी मुलं मोठी होतात, कॉलेजात जातात, नोकरी करतात. म्हणजे घराला आता धावपळीचे चार दिवस काढायचे नसतात. वर्षानुवर्षं संसार करायचा असतो.

या संसारात आई-वडिलांची ओढाताण सगळ्यांना दिसते. ‘आमच्याकडे नव्हतं हो असलं काही’ हे वाक्य आईला ऐकावं लागतं तेही दिसतं. खरं तर आई आणि बाप दोघंही वाहक असल्याशिवाय हा आजार मुलाला होतच नाही. मला बोलायचं आहे ते तिसऱ्याविषयी, त्या घरातल्या धडधाकट भावंडाविषयी.

ते भावंड मुलगी असेल तर तिला सगळे ‘शहाणी’ म्हणतात. भावाचं एचबी किती आलं, शरीरातलं लोह दाखवणारं फेरिटिन वाढलं का, हे तिला तोंडपाठ असतं. रक्त चढवायच्या दिवशी ती शेजारच्या काकूंकडे जेवते. गॅदरिंगला कोण येणार हे विचारायचं तिनं कधीच सोडून दिलेलं असतं. तिचा ताप म्हणजे क्रोसिनची एक गोळी. त्या शहाणपणाचं आपण कौतुक करतो, याचं मला फार वाईट वाटतं. मागणं सोडून दिलेलं मूल समजूतदार असेलही, पण त्याला ती समजूत कुणी विचारून दिलेली नसते.

मग एक दिवस अचानक तिच्याकडे सगळ्यांचं लक्ष जातं. पुढे बोनमॅरोचं प्रत्यारोपण करायचं असेल तर आई-वडिलांचं रक्त मुलाला शक्यतो चढवत नाहीत. बाप बाही सरसावून उभा असला तरी त्याला थांबवतात. मात्र बोनमॅरोसाठी सख्खं भावंड सर्वांत चांगलं, आणि तेही पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तपासणी होते, घर श्वास रोखून बसतं, आणि बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ येतं. दहा वर्षांच्या मुलीला ते कसं ऐकू येत असेल? आपण नापास झालो, असं. जुळलं तर आनंद खरा, पण भूल आणि सुयांची भीतीही तिचीच. ती बोलून दाखवायला तिला डॉक्टरांसमोर आई-वडिलांशिवाय दहा मिनिटं मिळायला हवीत. प्रत्यारोपणासाठी केंद्राच्या योजनेतून दहा लाखांपर्यंत मदत मिळू शकते. त्या मदतीच्या फाइलबरोबर या दहा मिनिटांचाही विचार व्हावा.

आणखी एक गोष्ट घरोघरी दडपली जाते. आजार नसलेलं भावंड वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते. एचबीए-टू नावाची साधी रक्ततपासणी त्याचा छडा लावते. ‘मुलीचं लग्न कसं जमेल’ या धास्तीनं ती पुढे ढकलली जाते, किंवा करून रिपोर्ट कपाटात ठेवला जातो. वाहक निरोगीच असतो. प्रश्न येतो जोडीदारही वाहक असेल तेव्हाच, आणि तेव्हाही गर्भाची तपासणी करता येते. मुलगी कळती झाली की तो रिपोर्ट आधी तिच्या हातात द्यावा, समजावून सांगावा, आणि स्थळाकडच्यांना काय आणि केव्हा सांगायचं ते तिला ठरवू द्यावं.