दया आणि विवेक

आजारी गाईच्या वेदना शमविणे हा धर्म होय, याविषयी दुमत नाही. परंतु त्या दयेनेच दुसरा जीव मरत असेल तर?

डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक घेतलेले जनावर लवकरच मेले व गिधाडांनी ते खाल्ले, की त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांमागे सुमारे एक एवढीच उरली. हे कारण २००४ साली सिद्ध झाले आणि २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झाले. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जातच राहिल्या. अखेर २०१५ साली कुपी ३ मिलिलिटरची करावी लागली.

अजाणता घडले त्यास आम्ही पाप म्हणत नाही. मात्र कळल्यावरही, मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांस निर्धोक औषध उपलब्ध असता, तेच करणे क्षम्य कसे? जटायूची कथा भक्तिभावाने ऐकणाऱ्या आपण गोशाळेस दान देताना तेथे कोणते वेदनाशामक वापरतात, हेही विचारावे. घरात उरलेल्या गोळ्या मोरीत टाकू नयेत. आपल्या नगरीचे सांडपाणी मुसी नदीस मिळते. दयेस विवेकाची जोड हवी, ती अशी.