चतकोर भाकरी

घाई नसेल अशा दुपारी हे वाचा, जमलं तर ताटावर बसून. ताटात शाळूची एक भाकरी, वाटीभर पिठलं, चमचाभर खर्डा, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि लिंबाची फोड. फोन दुसऱ्या खोलीत राहू दे.

लगेच तोडू नका. आधी नुसती बघा. वरचा पापुद्रा फुगून पुन्हा बसलाय. कडेला एक काळा डाग आहे, तिथं आच जरा जास्त लागली. बोट फिरवलंत तर थापणाऱ्या हाताचे उंचसखल ठसे लागतील. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो. आधणाचं पाणी ओतलं की पीठ फुलून धरतं आणि उंडा बांधला जातो. दळण जुनं झालं की पिठाची विरी जाते आणि भाकरी कडेनं फाटते. म्हणून तर घरात आठ-पंधरा दिवसांपुरतंच दळून आणायची रीत. ताजं पीठ खावं असा उपदेश कुणी केला नव्हता, भाकरीनंच तो नियम घालून दिला.

आता एक घास मोडा. पिठलं लावू नका. चावा. आणखी चावा. ज्वारी घशाखाली सहज घसरत नाही, ती दातांना कामाला लावते. थोड्या वेळानं तोंडात एक पुसट गोडी येईल. ती लाळेनं पिठातून सोडवलेली साखर. ती जाणवेपर्यंत थांबा. मला ही गोडी चाळिशीनंतर कळली. तोवर मी भाकरी गिळत होतो.

दुसरा घास पिठल्याबरोबर. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन कमी पडतं, ते हरभऱ्याच्या डाळीत भरपूर असतं. हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, मुगाच्या घुगऱ्या, सगळीकडे हीच जोडी. तिसऱ्या घासाला कांद्यावर लिंबू पिळा. धान्यातलं लोह शरीर सहजासहजी उचलत नाही, आंबटाचा हात लागला की बरंच उचलतं. ताट वाढणाऱ्या बाईला यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. चव बसली की तिचं समाधान व्हायचं, आणि चव बसली होती ती कित्येक पिढ्यांच्या चुका पोटात घालून.

इथं क्षणभर खाणं थांबवा आणि मार्गशीर्षातलं कोल्हापूर आठवा. सौंदत्तीची यात्रा करून माणसं परतली की ओढ्यावरच्या यल्लमाच्या देवळापाशी आंबील यात्रा भरते. घराघरातून डबे येतात : आंबील, भाकरी, वरणं-वांगी, मेथीची भाजी, गाजर, कांद्याची पात. नैवेद्य दाखवून झाला की तिथंच पंगती बसतात. आंबिलीचं पीठ भिजवून आंबवलेलं असतं, आणि आंबताना धान्यातला लोह-जस्त अडवून धरणारा अंश कमी होतो. एरवी जी आजाऱ्याची किंवा उन्हातान्हाची पेज, ती त्या दिवशी देवीचं अन्न. गाजर आणि पात नैवेद्यात मांडणारी माणसं मला फार शहाणी वाटतात.

पण जुनं सगळं सोन्याचं, असं मनात येत असेल तर तेही नीट न्याहाळा. माझी आजी सगळ्यांच्या मागून जेवायची. तिच्या वाट्याला यायची ती तव्यावर करपलेली भाकरी आणि पातेल्याला चिकटलेलं कालवण. ताट तेच, पण त्याचं पोषण घरात सारखं वाटलं जात नव्हतं. आणखी एक गोष्ट. कोल्हापूरच्या गंगावेशीत म्हशीचं धारोष्ण दूध पिऊन, बदाम-खसखशीची थंडाई रिचवून पैलवान उभा राहिला, तो त्याआधी पहाटेपासून जोर-बैठका मारत होता. आपण स्कूटरवरून जातो आणि तांबडा-पांढरा मात्र पैलवानाच्या हिशेबानं ओरपतो. रस्सा तोच आहे, पण पूर्वी तो जत्रेला किंवा पाव्हणे आले तर शिजायचा. जुन्या आहारातलं अर्धं औषध या विरळपणात होतं, असं माझं मत आहे.

2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि आजरा-चंदगडाकडची नाचणी बिस्किटांच्या पुड्यावर आली. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, ही खरी गोष्ट. त्याच पुड्याची मागची बाजू वाचा, साखर कितव्या नंबरावर आहे बघा. बिचारी नाचणी! आणि सखल रानात नजर जाईल तिथवर ऊस. जिथं शाळू डोलायचा तिथली माणसं आता ज्वारी किलोवर विकत आणतात. उसानं घरं बांधली, पोरं शिकवली. त्याला नावं ठेवायला माझी जीभ वळत नाही. शाळू गेल्याचं वाईटही वाटतंच. दोन्ही एकदम वाटू द्या.

ताटाकडे परत या. भूक कुठवर आलीय? पोटाला विचारा, ताटाला नको. बहुतेक चतकोर उरली असेल. ती टाकू नका आणि उगाच संपवूही नका. फडक्यात गुंडाळून बुट्टीत ठेवा. निवल्यावर तिच्यातला थोडा स्टार्च पचायला हट्टी होतो, साखर सावकाश सोडतो. सकाळी ती ताकात कुस्करा, वर थोडं मीठ आणि रात्रीचा उरलेला खर्डा.

आता हात धुवायला उठा.