पिठाच्या रेषा आणि कॅमेरा

अतिवास्तव लघुपट करायचा म्हटलं की काही गोष्टी ठरल्यासारख्या येतात. धूर, मेणबत्त्या, पांढऱ्या साडीतली मोकळ्या केसांची बाई, मागे मंत्राचा संथ घोष, मधेच एखादी कवटी किंवा त्रिशूळ. पडद्यावर सगळं गूढ दिसतं आणि पाहणाऱ्याच्या आत काहीही हलत नाही. मला वाटतं, अशा चित्रपटांत अध्यात्माचा पेहराव तेवढा उचललेला असतो. त्याची रीत कुणी शिकलेलं नसतं. विधीकडून कलावंताने काय घ्यावं आणि कशाला हात लावू नये, हा प्रश्न प्रायोगिक चित्रपटकार माया डेरेनने आयुष्यभर मनावर घेतला. म्हणून लघुपट करू पाहणाऱ्या प्रत्येकाने तिच्याकडे जायला हवं.

डेरेनचा जन्म 1917 सालचा, कीव्हचा. वडील मनोविकारतज्ज्ञ. ती लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत आलं. 1943 मध्ये लॉस एंजेलिसला राहत्या घरात, नवरा अलेक्झांडर हामिद याच्यासोबत, 16 मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर तिने ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ केला. लांबी जेमतेम 14 मिनिटं. एक बाई दुपारची घरी येते, खुर्चीत तिचा डोळा लागतो आणि मग तेच येणं पुन्हा घडतं, दरवेळी थोडं बदलून. खिडकीतून ती स्वतःलाच रस्त्यावरून येताना पाहते. पुढे काळ्या झग्यातली एक आकृती चालली आहे, तिच्या चेहऱ्याच्या जागी आरसा आहे.

या आकृतीखेरीज चित्रपटात वस्तू कोणत्या? किल्ली, पाव कापायची सुरी, एक फूल, खाली काढून ठेवलेला टेलिफोन, जिना. यातलं काहीच विलक्षण नाही. पण त्या ठरावीक क्रमाने परत येतात, प्रत्येक फेरीत त्यांची जागा जराशी सरकते, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला किल्लीची सुरी होते तेव्हा आपल्याला ते पटलेलं असतं. पूजेत हेच होतं. तांब्या, तांदूळ, सुपारी सगळं घरातलंच असतं. पाटावर योग्य जागी, योग्य क्रमाने मांडणी झाली की सुपारीचा गणपती होतो आणि विसर्जनानंतर ती पुन्हा सुपारी होते. तिला सोंड काढावी लागत नाही. चित्रपटात सुपारीला सोंड चिकटवण्याचा मोह फार मोठा असतो आणि बहुतेक अतिवास्तव लघुपट तिथेच पडतात.

‘मेशेस’मधल्या एका जागेवर मी नेहमी थांबतो. सुरी हातात घेतलेली बाई चालत येते. एक पाऊल वाळूवर, पुढचं गवतात, मग फरसबंदीवर, मग घरातल्या गालिचावर. चाल एकच, जमीन दर पावलाला वेगळी. हे फक्त कापण्या-जोडण्यातून साधलं आहे. खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला एक अख्खं जग ओलांडावं लागतं, ही जाणीव इतक्या कमी खर्चात मला दुसरीकडे क्वचितच भेटली. 1945 च्या ‘अ स्टडी इन कोरिओग्राफी फॉर कॅमेरा’मध्ये तर नर्तक टॅली बीटी झाडीत पाय उचलतो आणि तो पाय टेकतो घराच्या खोलीत.

डेरेनला अतिवास्तववादी म्हटलेलं आवडत नसे. कलावंताने अबोध मनाच्या हाती लगाम द्यावा हे तिला मान्य नव्हतं. तिला घाट हवा होता, शिस्त हवी होती. खरं तर दिग्दर्शक बुन्युएल आणि चित्रकार दाली या अतिवास्तववाद्यांनीही 1929 च्या ‘अं शिएँ आंदालू’साठी कडक नियम घातला होता. हातातून निघणाऱ्या मुंग्या दालीच्या स्वप्नातल्या आणि चंद्र कापत जाणारा ढग बुन्युएलच्या, पण पटकथा लिहिताना ज्या प्रतिमेचा तर्काने अर्थ लागेल ती बाद, असं दोघांनी ठरवलं होतं. म्हणजे तिथेही मोकाट काही नव्हतं. फरक असा की त्यांचा नियम अर्थाला नकार देणारा होता. डेरेनला विधीचा नियम खुणावत होता, जिथे माणूस स्वतःचं काही सांगत नाही, ठरलेली कृती करतो आणि त्या कृतीत स्वतःहून मोठा होतो. 1946 च्या चित्रपटाचं नावच तिने ‘रिच्युअल इन ट्रान्सफिगर्ड टाइम’ असं ठेवलं.

त्याच वर्षी तिला गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली आणि 1947 मध्ये ती हैतीला गेली. तिथल्या व्होडू धर्माच्या विधींतल्या नृत्यावर चित्रपट करायचा होता. आराखडा तयार होता. बाली बेटावरचे विधी, हैतीतले विधी आणि मुलांचे खेळ एकमेकांशेजारी ठेवायचे, संगीतरचना करावी तशी त्यांची जुळणी करायची. तिथे तिने पाहिलं, पुजारी जमिनीवर पिठाने रेषा ओढतो, प्रत्येक देवतेची आकृती वेगळी, आणि मग नाचणाऱ्यांच्या पायांखाली ती पुसली जाते. ढोल वाजतो, कुणाच्या तरी अंगात देवता येते. तिथले लोक म्हणतात, देवता स्वार आणि माणूस तिचा घोडा. जागर-गोंधळाच्या, अंगात येण्याच्या मुलखातल्या वाचकाला हे परकं वाटणार नाही. पुढे डेरेनच्याही अंगात आलं. 1953 च्या ‘डिव्हाइन हॉर्समेन’ या पुस्तकाच्या शेवटी तिने तो अनुभव लिहिला आहे.

आणि चित्रपट? हजारो फूट फिल्म चित्रित झाली, पण तिच्या हातून तो पूर्ण झाला नाही. पुस्तकाच्या सुरुवातीलाच तिने मान्य केलं आहे की कलावंत म्हणून आपण काही घडवायला आलो आणि अखेर समोर असलेलं नीट नोंदवण्यापुरते उरलो. त्या विधींना स्वतःचा इतका पक्का घाट होता की त्यांचे तुकडे कापून आपल्या रचनेत बसवणं तिला अप्रामाणिकपणा वाटला. काहीजण याला तिचं अपयश म्हणतात. मला तो तिच्या कारकिर्दीतला सर्वांत प्रामाणिक निर्णय वाटतो. 1961 मध्ये, वयाच्या 44 व्या वर्षी ती गेली. त्या फिल्ममधून पुढे इतरांनी माहितीपट जुळवला.

साध्या वस्तू नीट मांडल्या की पुरे, ही समज आपल्याकडे एका वेगळ्या वाटेने आलेली दिसते. पंढरपुरात जन्मलेल्या, मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवलेल्या चित्रकार हुसेन यांनी फिल्म्स डिव्हिजनसाठी ‘थ्रू द आइज ऑफ अ पेंटर’ केला. राजस्थानातल्या वाड्यांत आणि वाटांवर त्यांनी छत्री, कंदील, जोडा अशा वस्तू ठेवल्या. या लघुपटाला 1967 मध्ये बर्लिनचा गोल्डन बेअर मिळाला. त्याच संस्थेत प्रमोद पती कुटुंबनियोजनावरचे पट करता करता ‘एक्सप्लोरर’ आणि ‘ट्रिप’सारखे धाडसी प्रयोग करत होते. सरकारी खात्यात हे घडलं, हे आज आवर्जून सांगावं लागतं.

त्याहूनही जुनं उदाहरण आपल्या घरातच आहे. मुक्ताबाईंच्या कूट अभंगातली मुंगी आकाशात उडते आणि सूर्य गिळते. ही प्रतिमा पडद्यावर आणायची झाली तर कुणीही आधी संगणकावर मुंगी करायला बसेल. पण त्या अभंगाचं बळ सांगण्याच्या रीतीत आहे. काल अमुक घडलं, असं सांगावं इतक्या सरळपणे ते सांगितलं आहे. ‘थोर नवलाव झाला’ एवढंच म्हणून अभंग पुढे जातो. कॅमेऱ्याने शिकायचं ते हे.

म्हणूनच जत्रेत अंगात आलेल्या बाईसमोर कॅमेरा धरून, नंतर त्यावर निळा रंग आणि गूढ नाद चढवून केलेले लघुपट पाहिले की मला राग येतो. ती बाई त्या क्षणी होकार द्यायच्या स्थितीतही नसते. तिची श्रद्धा तिची असते, आपल्या चित्रपटाचा कच्चा माल नसते. विधीतून घ्यायचं ते पुनरावृत्ती, क्रम, वस्तूला दिलेली जागा आणि करणाऱ्याने मागे सरणं. यासाठी कुणाच्या देवळात घुसावं लागत नाही. एक खोली, चार वस्तू आणि आठवडाभर त्याच वेळी पडणारा उजेड पुरतो.

नव्याने लघुपट करणाऱ्यांना एकच विनंती. ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’ इंटरनेटवर सहज सापडतो, पण त्यातलं तेइजी इतो यांचं संगीत 1959 मध्ये चढवलेलं आहे. मूळ चित्रपट मूक होता. पहिल्यांदा पाहताना आवाज बंद ठेवा.