कासची नापीक श्रीमंती

साताऱ्याजवळच्या कास पठारावर खडकावर माती जेमतेम बोटभर. पावसाळ्यात तिथं पाणी साचतं, उन्हाळ्यात सगळं करपून जातं. शेतीच्या हिशेबानं ही जमीन पडीक. पण इथल्या फुलांचं वैभव याच दारिद्र्यावर उभं आहे. मातीत नत्र कमी, म्हणून सीतेची आसवं ही निळी-जांभळी वनस्पती इवल्याशा पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते. दवबिंदू या वनस्पतीच्या पानांवरचे चिकट थेंब कीटकांना धरून ठेवतात. ही जमीन खत-मातीनं ‘सुधारली’, तर जोमदार गवतं या नाजूक झाडांना गिळून टाकतील. वायतुरा तर सह्याद्रीतल्या अशा मोजक्या सड्यांखेरीज, म्हणजे खडकाळ पठारांखेरीज, जगात कुठंच उगवत नाही.

मग कुंपण घालून माणसं आणि गुरं बाहेर ठेवावीत, असं कोणी म्हणेल. तुडवण्याचं नुकसान खरंच आहे. गर्दीला मर्यादा हवीच. पण इथली गुरं पिढ्यान् पिढ्या चरत आली, त्यांनी उंच गवत आटोक्यात ठेवलं. चराई पूर्ण थांबली की गवत माजतं, ही भीती अनाठायी नाही. शिवाय राखण करणारे हात गावकऱ्यांचेच आहेत. त्यांना वगळून केलेलं संरक्षण टिकणार नाही. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत पश्चिम घाटासोबत कासचं नाव आलं. पण नाव न मिळालेले कितीतरी सडे खाणी, पवनचक्क्या आणि बंगल्यांखाली जात आहेत. आपल्या तालुक्यात असा सडा असेल, तर सात-बाऱ्यावरची ‘पोटखराबा’ ही नोंद पाहून त्याला निरुपयोगी ठरवू नका.