मोंझाला जाशील तेव्हा

चि. मुक्तास अनेक आशीर्वाद.

मिलानमध्ये आता रुळली असशील, तर एक रविवार मोंझासाठी ठेव. रेल्वेने अगदी जवळ आहे. तिथला राजवाडा आणि बाग सगळेच पाहतात. तू तिथून पुढे राजा पहिला उंबेर्तो याच्या प्रायश्चित्त चॅपलपर्यंत जा.

२९ जुलै १९०० च्या रात्री, एका व्यायाम मंडळाच्या स्पर्धेचा बक्षीस समारंभ आटोपून राजा घोडागाडीत बसला, तोच गायतानो ब्रेशीने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. गादीवर आलेल्या मुलाने त्याच जागी चॅपल बांधायला घेतलं. आराखडा जुझेप्पे साक्कोनीचा. तो १९०५ मध्ये वारला, काम इतरांनी पुरं केलं आणि १९१० मध्ये चॅपल उघडलं. राजाचं दफन रोमच्या पँथिऑनमध्ये झालंय. इथे आहे ती फक्त तो पडला ती जागा. तळघरात काळ्या दगडाने तिची खूण केली आहे. तिथे जरा थांब. मुलाचं दुःख खरंच होतं, आणि खून तो खूनच. ब्रेशीला मी हुतात्मा म्हणणार नाही.

पण त्या दगडापाशी मे १८९८ आठव. पाव महागला म्हणून मिलानचे कामगार रस्त्यावर आले, तेव्हा जनरल बावा बेक्कारिसने त्यांच्यावर बंदुका आणि तोफा चालवल्या. सरकारी आकडाच ८० मृतांचा. इतरांनी तो कितीतरी जास्त सांगितला. कापुचिन मठात बंडखोर लपलेत असं समजून सैन्याने तोफेने भिंत पाडली. आत सापडले ते साधू आणि अन्नासाठी आलेले भिकारी! पुढच्याच महिन्यात राजाने या जनरलला मानचिन्ह दिलं. मूळचा प्रातोचा ब्रेशी तेव्हा अमेरिकेत, पॅटरसनच्या गिरणगावात रेशीम विणत होता. त्या मृतांचा सूड घ्यायला तो समुद्र ओलांडून आला.

राजाच्या मृत्यूचं प्रायश्चित्त करायला राज्याने एवढा दगड आणि कलाकुसर खर्ची घातली, आणि ८० जणांच्या मृत्यूबद्दल सन्मान दिला, तोही मारणाऱ्याला. मला हे आजही सहन होत नाही.

म्हणून मोंझाची गाडी पकडण्याआधी मिलानमध्येच व्हियाले पियावेला जा. कापुचिन साधूंचा मठ तिथे आहे आणि ते आजही गरिबांना जेवू घालतात. पानं वाढायला माणसं लागतात का, तेही विचार.

तुझी,
मोठी आत्या