लघुवर्तुळे आणि सामाईक व्यासपीठ

मोजक्या सभासदांच्या सामाजिक व्यासपीठावर विशिष्ट अभिरुचीची वा अनुभवाची छोटी वर्तुळे निर्माण होऊ लागली, की एक आक्षेप हमखास घेतला जातो : आधीच माणसे मूठभर, तीही अशी विखुरली तर सामाईक म्हणून उरणार काय? १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘मायबोली’सारख्या मराठी संकेतस्थळांनाही हा प्रश्न लागू होतो. आक्षेप वरवर संख्येचा वाटला तरी त्यामागे एक नैतिक गृहीतक दडलेले आहे. विखंडनापूर्वीचे व्यासपीठ खरोखरच सर्वांचे होते, असे ते गृहीतक होय.

मराठी वाङ्मयव्यवहाराचा इतिहास या गृहीतकाला दुजोरा देत नाही. १८८५ मध्ये ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी नाकारले. सर्वांचे मानवी हक्क मनापासून मान्य न करणाऱ्यांच्या सभेत सामील होऊन ऐक्य साधणार नाही, ही त्यांची भूमिका होती. १९५८ मध्ये मुंबईत दलित साहित्य संमेलन भरले आणि अण्णाभाऊ साठे यांनी त्याचे उद्‌घाटन केले. या घटनांना ‘फूट’ म्हणणे म्हणजे केंद्रस्थ वर्तुळाला वर्तुळ न मानता संपूर्ण अवकाश मानणे होय. सामाईक म्हणवणारी अभिरुची हीदेखील एका गटाचीच अभिरुची असू शकते. फक्त तिला स्वतःचे नाव सांगावे लागत नाही.

मात्र एवढ्यावरून प्रत्येक वेगळेपण समर्थनीय ठरत नाही. साठोत्तरी काळातील अनियतकालिकांनी प्रस्थापित अभिरुचीला धक्का दिला, हे खरे. पण लिहिणारे आणि वाचणारे तेच, अशी अवस्था आली की बंडाचीही एक बंदिस्त परिभाषा होते. छोट्या व्यासपीठावर हा धोका अधिक असतो. मोठ्या जनसमूहातून दहा माणसे उठून गेली तर कोणाच्या ध्यानातही येत नाही. शंभरांच्या सभेतून लिहिते दहाजण निघून गेले तर सभाच मुकी होते.

तेव्हा खरा निकष वर्तुळांच्या संख्येत नसून त्यांच्या आणि सामाईक अवकाशाच्या दरम्यानच्या ये-जा करण्यात शोधावा लागतो. १९७२ मध्ये नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपिठा’ विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला. एका वस्तीची बोली काव्यभाषा म्हणून समोर आली, तेव्हा तिच्यापर्यंत जाण्याचे श्रम वाचकाला करावे लागले. त्या श्रमांनी मराठी कविता दुभंगली नाही. तिची कक्षा विस्तारली. याउलट, आपली भाषा किंचितही न बदलता इतरांनी आपल्यात यावे, अशी अपेक्षा करणारा मध्यवर्ती समूहच विखंडनाचे मूळ कारण असतो.

येथे माध्यमाचा भेदही लक्षात घ्यावा लागतो. अनियतकालिकाचा अंक हातोहात फिरून अनोळखी वाचकाकडे पोचू शकत असे. व्हॉट्सॲपवरील खाजगी गट मात्र बाहेरच्याला दिसतच नाही; त्याच्याशी मतभेद नोंदवण्याचीही सोय नसते. म्हणून सर्वच गटांनी दारे उघडी ठेवावीत, असा सरसकट नियम करावा काय? तोही अन्यायकारक ठरेल. ज्यांना बोलण्याची किंमत अपमानाने वा हिंसेने मोजावी लागते, त्यांना मिटलेल्या दाराआड बोलण्याचा अधिकार असलाच पाहिजे. हा अधिकार जोखमीतून येतो. म्हणूनच ज्यांना बोलण्यात जोखीम नाही आणि ज्यांच्या निर्णयांचे परिणाम इतरांना भोगावे लागतात, त्यांच्या बंदिस्तपणाला तो लाभत नाही.

छोट्या समाजाला वर्तुळे परवडत नाहीत, हे मत त्यामुळे अर्धसत्य ठरते. त्याला परवडत नाही ती परस्परांविषयीची उदासीनता. परिघावरून केंद्राकडे येण्याची जबाबदारी केवळ परिघावर टाकणारे व्यासपीठ अखंड दिसत असले, तरी ते आधीच दुभंगलेले असते.